अँबॅसडर पूल : सीमेवरील वाहतूक, सुरक्षितता आणि मालकीचा प्रश्न

प्रस्तावना

अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील डेट्रॉईट आणि कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतातील विंडसर ही दोन औद्योगिक शहरे डेट्रॉईट नदीच्या दोन तीरांवर समोरासमोर वसलेली आहेत. त्यांना जोडणारा अँबॅसडर पूल १९२९ मध्ये वाहतुकीस खुला झाला. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत या दोन देशांमधील सुमारे एक चतुर्थांश मालव्यापार या एकाच पुलावरून होत असे. एवढे महत्त्व असलेला हा पूल आजवर खाजगी कंपनीच्या मालकीचा राहिला असून पथकर हेच त्याच्या उत्पन्नाचे प्रमुख साधन आहे.

पुलाच्या सुरक्षिततेचा विचार करताना सामान्यतः त्याची भारक्षमता, पोलादाची प्रत आणि देखभाल यांकडे लक्ष दिले जाते. अँबॅसडर पुलाचा सुमारे नऊ दशकांचा इतिहास मात्र असे दाखवितो की, पुलावरील प्रवास सुरक्षित व सुरळीत राहणे हे जितके त्याच्या बांधणीवर अवलंबून असते, तितकेच ते पोचरस्ते, सीमेवरील तपासणी आणि पुलावर अंतिम अधिकार कोणाचा यांवर अवलंबून असते. प्रस्तुत लेखात या तीन घटकांच्या अनुषंगाने पुलाच्या इतिहासाचे विवेचन केले आहे.

उभारणी आणि पहिला धोका

डेट्रॉईट नदीखालून रेल्वेचा बोगदा १९१० मध्ये सुरू झाला होता. परंतु मोटारगाड्यांना नदी ओलांडण्यासाठी नावांखेरीज दुसरा मार्ग नव्हता. मोटारउद्योगाची राजधानी बनलेल्या शहराला ही अडचण जाचक वाटणे स्वाभाविक होते. १९२१ मध्ये अमेरिकेची काँग्रेस आणि कॅनडाची संसद या दोहोंनी पुलासाठी कायदेशीर मान्यता दिली. भांडवल उभारणीचे काम पुढे जोसेफ बॉवर या वित्तव्यावसायिकाने हाती घेतले. डेट्रॉईटचे महापौर जॉन स्मिथ यांनी योजनेला विरोध केल्यामुळे प्रश्न मतदारांपुढे गेला आणि जून १९२७ मधील सार्वमतात नागरिकांनी प्रचंड बहुमताने पुलाच्या बाजूने कौल दिला. एका सार्वजनिक गरजेची पूर्तता खाजगी मालकीतून करण्यास मिळालेली ही लोकसंमती होती. पुढील वादांची मुळे या आरंभातच आहेत.

पिट्सबर्गच्या मॅक्‌क्लिंटिक-मार्शल कंपनीने हा झुलता पूल बांधला. त्याचा मुख्य गाळा १,८५० फूट म्हणजे सुमारे ५६४ मीटर असून उद्घाटनाच्या वेळी तो जगात सर्वांत लांब होता. १९३१ मध्ये न्यूयॉर्कच्या जॉर्ज वॉशिंग्टन पुलाने हा विक्रम मोडला.

बांधकाम चालू असतानाच सुरक्षिततेचा पहिला कसोटीचा प्रसंग उद्भवला. पुलाच्या केबलसाठी उष्णतासंस्कार केलेली नव्या प्रकारची पोलादी तार वापरण्यात आली होती. त्याच काळात ऱ्होड आयलंड राज्यातील माउंट होप पुलावर अशाच प्रकारच्या तारा तुटू लागल्याचे १९२९ च्या प्रारंभी निदर्शनास आले. अँबॅसडर पुलाच्या केबल तोवर ओढून झाल्या होत्या. तरीही दोन्ही पुलांवरील या तारा उतरवून त्यांच्या जागी थंड अवस्थेत ओढलेली, अनुभवसिद्ध तार बसविण्यात आली. एवढे काम पुन्हा करूनही नोव्हेंबर १९२९ मध्ये पूल खुला झाला. धोका वेळीच ओळखला गेला आणि निर्णयाचा अधिकार व जबाबदारी एकाच ठिकाणी असल्यामुळे उपाय तत्परतेने झाला, हे या घटनेचे वैशिष्ट्य होय. पुढील काळात असे क्वचितच घडले.

मार्गिका, तपासणी आणि रांग

पुलाच्या उद्घाटनाच्या सुमारास अमेरिकेतील शेअरबाजार कोसळला आणि महामंदीला सुरुवात झाली. १९३० मध्ये मोटारींसाठी डेट्रॉईट-विंडसर बोगदाही सुरू झाला. पथकराच्या उत्पन्नाचे अंदाज चुकले आणि १९३९ मध्ये कंपनीची पुनर्रचना करावी लागली. मात्र दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र पालटले. १९६५ च्या अमेरिका-कॅनडा मोटार व्यापार कराराने दोन्ही देशांतील मोटारउद्योग एकमेकांत गुंफला गेला. १९९४ मध्ये अमलात आलेल्या उत्तर अमेरिकी मुक्त व्यापार कराराने मालवाहतुकीत आणखी भर घातली. अर्धवट तयार झालेला सुटा भाग सीमा अनेकदा ओलांडून मग गाडीत बसू लागला. साठा न करता लागेल तेव्हा माल मागविण्याची पद्धत रूढ झाल्यामुळे पुलावरील मालट्रक जणू कारखान्याचे फिरते गोदामच बनले.

पूल मात्र १९२९ चाच राहिला. त्यावर चार मार्गिका असून बंद पडलेले वाहन बाजूला घेण्यास जागा नाही. त्यामुळे लहानशा अपघातानेही वाहतूक खोळंबते. प्रवेश करू इच्छिणाऱ्या वाहनाची तपासणी पूल ओलांडल्यानंतर पलीकडच्या देशात होते. साहजिकच तपासणी मंदावली की रांग पुलावर आणि पुलावरून मागे अलीकडच्या शहरात पसरते. विंडसरमध्ये ही रांग ह्यूरॉन चर्च रोड या मार्गावर येते. महामार्ग क्रमांक ४०१ वरून आलेल्या मालट्रकना पुलापर्यंत पोचण्यासाठी याच शहरी रस्त्यावरील अनेक सिग्नल ओलांडावे लागत. पुलाच्या पायथ्याशीच विंडसर विद्यापीठ आहे. विद्यार्थी, स्थानिक रहिवासी आणि आंतरराष्ट्रीय मालवाहतूक यांना एकच रस्ता वापरावा लागणे, हा पुलाच्या आराखड्यात कोठेही न दिसणारा धोका होता.

घातक पदार्थांच्या वाहतुकीचा प्रश्नही येथे उल्लेखनीय आहे. अशा मालाला पुलावर बंदी असल्यामुळे १९९० पासून २०२३ पर्यंत मालट्रकसाठी स्वतंत्र नौकासेवा चालविली गेली. अत्याधुनिक उद्योगांच्या या प्रदेशात सर्वांत जोखमीचा माल अखेरपर्यंत जुन्या पद्धतीनेच नदी ओलांडत होता.

२००१ नंतर सुरक्षिततेचा बदललेला अर्थ

११ सप्टेंबर २००१ च्या दहशतवादी हल्ल्यांनंतर अमेरिकेने सीमेवरील तपासणी अत्यंत कडक केली. मालट्रकना तासन्‌तास तिष्ठत राहावे लागले आणि सुट्या भागांअभावी काही मोटार कारखान्यांना उत्पादन थांबवावे लागले. पुलावरील पादचाऱ्यांची वाटही बंद झाली. येथून सुरक्षितता या शब्दाला दोन अर्थ प्राप्त झाले : प्रवाशाची सुरक्षितता आणि राष्ट्राची सुरक्षितता. दुसऱ्या अर्थाने केलेली कडक तपासणी रांग वाढविते आणि थबकलेल्या वाहनांची रांग पहिल्या अर्थाने धोकादायक ठरते. या विसंगतीवर उपाय म्हणून डिसेंबर २००१ मध्ये दोन्ही देशांनी सीमाविषयक संयुक्त घोषणा केली आणि पुढील वर्षी पूर्वपडताळणी झालेल्या मालवाहतूकदारांसाठी ‘फास्ट’ ही जलद तपासणीची योजना सुरू केली.

मालकी आणि उत्तरदायित्व

१९७९ मध्ये मालवाहतूक व्यवसायातील मॅन्युअल मोरून यांनी पुलाच्या कंपनीवर नियंत्रण मिळविले. वाढत्या मालवाहतुकीमुळे पूल किफायतशीर ठरला. त्याबरोबर देखरेखीचा प्रश्नही तीव्र झाला. दोन देश, एक राज्य, एक प्रांत आणि दोन नगरपालिका यांच्या सीमेवर उभ्या असलेल्या खाजगी पुलाला नेमके कोणी जाब विचारावा, हे स्पष्ट नव्हते. कॅनडाने २००७ मध्ये आंतरराष्ट्रीय पूल व बोगदे कायदा करून अशा पुलांची बांधणी, देखभाल, सुरक्षितता आणि मालकीबदल यांवर केंद्र सरकारचा अधिकार प्रस्थापित केला.

अमेरिकेच्या बाजूस पूल थेट महामार्गांना जोडण्याची योजना राज्य शासन आणि कंपनी यांनी संयुक्तपणे हाती घेतली होती. कराराप्रमाणे बांधकाम न केल्याबद्दल राज्याने कंपनीला न्यायालयात खेचले. २०१० मध्ये निकाल राज्याच्या बाजूने लागला आणि आदेशाचे पालन न झाल्यामुळे जानेवारी २०१२ मध्ये वयोवृद्ध मोरून यांना न्यायालयाच्या अवमानाबद्दल एक रात्र तुरुंगात काढावी लागली. अखेर उर्वरित काम राज्याकडे सोपविण्यात आले आणि त्याच वर्षी ते पूर्ण झाले. ऑक्टोबर २०१५ मध्ये पुलावरून काँक्रीटचे तुकडे खाली पडू लागल्यामुळे विंडसर नगरपालिकेने पुलाखालील काही रस्ते बंद केले. नगरपालिका स्वतःचे रस्ते बंद करू शकत होती. पुलाची दुरुस्ती मात्र तिच्या हाती नव्हती. १९२९ मधील केबलच्या प्रसंगाशी तुलना करता हा फरक मूलगामी आहे.

२०१५ मध्येच विंडसरमध्ये हर्ब ग्रे पार्कवे हा सुमारे ११ किलोमीटर लांबीचा नवा पोचमार्ग खुला झाला. तो मुख्यतः नियोजित नव्या पुलाकडे जाणारा असल्याने ह्यूरॉन चर्च रोडच्या अखेरच्या टप्प्यावरील अडचण पूर्णतः संपली नाही. याच टप्प्याचे महत्त्व फेब्रुवारी २०२२ मध्ये प्रत्ययास आले. कोविडविषयक निर्बंधांच्या विरोधात आंदोलकांनी ७ फेब्रुवारीपासून पुलाकडे जाणारा रस्ता अडविला. न्यायालयाच्या मनाईहुकुमानंतर पोलिसांनी कारवाई केली आणि १३ फेब्रुवारीच्या रात्री पूल पुन्हा खुला झाला. या काळात पुलाच्या एकाही तारेला धक्का लागला नव्हता. तरीही दोन्ही देशांतील मोटार कारखान्यांचे उत्पादन विस्कळीत झाले.

पर्यायी पुलाच्या दिशेने

एकाच पुलावर विसंबण्यातील धोका ओळखून कॅनडा आणि मिशिगन यांनी जून २०१२ मध्ये सार्वजनिक मालकीच्या नव्या पुलाचा करार केला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, मतदारांच्या संमतीविना असा पूल बांधू नये या प्रस्तावावर मिशिगनमध्ये मतदान झाले. पुलाच्या कंपनीने पुरस्कृत केलेला हा प्रस्ताव मतदारांनी फेटाळला. गॉर्डी हाऊ यांचे नाव दिलेल्या या सहा मार्गिकांच्या पुलाचा मुख्य गाळा ८५३ मीटर असून बांधकाम २०१८ मध्ये सुरू झाले आणि जून २०२४ मध्ये दोन्ही बाजूंचे भाग नदीवर एकमेकांस जोडले गेले. खर्च कॅनडाने उचलला असून तो पथकरातून वसूल करावयाचा आहे. महामार्गाशी थेट जोडणी आणि प्रशस्त तपासणी केंद्रे यांचा समावेश मूळ योजनेतच करण्यात आला, ही बाब जुन्या पुलाच्या अनुभवातून घेतलेल्या धड्याची निदर्शक होय.

समारोप

१९२९ मध्ये धोका तारेत होता. त्यानंतर तो रांगेत, तपासणीत, पोचरस्त्यात आणि उत्तरदायित्वाच्या अभावात दिसू लागला. पथकर ही केवळ वापराची किंमत नसून वापरणाऱ्याने सुरक्षित मार्गाच्या हमीपोटी दिलेले मूल्य असते. ती हमी कोणी द्यावयाची हे निश्चित नसेल, तर भक्कम पूलही असुरक्षित ठरू शकतो. १९२७ मध्ये मतदारांनी खाजगी पुलाला दिलेली संमती आणि २०१२ मध्ये सार्वजनिक पुलाच्या मार्गातील अडसर दूर करणारा त्यांचा कौल यांमधील ८५ वर्षांचे अंतर याच जाणिवेचा इतिहास सांगते.