‘किसने मारा?’ : गोसीखुर्दची एक आठवण

मागे आमच्या उर्दू शाळेची सहल गोसीखुर्दला गेली होती. पवनी तालुक्यात वैनगंगेवर बांधलेल्या या धरणाला तेहतीस दरवाजे आहेत. मुले ते मोजत होती आणि दर वेळी चुकत होती. सातवीतल्या एका मुलीने फलक वाचून विचारले, “टीचर, इसको इंदिरा सागर क्यों बोलते?” मी सांगितले की हे इंदिरा गांधींच्या नावाचे धरण आहे आणि त्याचे भूमिपूजन त्यांचे चिरंजीव राजीव गांधी यांनी केले. इंदिराजींची १९८४ मध्ये आणि राजीवजींची १९९१ मध्ये हत्या झाली, हेही बोलण्याच्या ओघात सांगून गेले. मुलगी क्षणभर थांबली आणि म्हणाली, “किसने मारा?”

हेच दोन शब्द आमच्या घरात यापूर्वी एकदा उच्चारले गेले होते. ते माझ्या आजोबांचे होते.

२२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी गोसीखुर्दला आले. तो शुक्रवार होता आणि रमजानचा पहिला जुमा होता. अब्बांचा रोजा होता, तरी ते भर उन्हात सायकलने गोसीखुर्दला गेले. देशाचा पंतप्रधान आपल्या वैनगंगेवर येतो आहे, ही काही रोजची गोष्ट नव्हती. अब्बांना भाषणातले फारसे आठवत नाही. धूळ आठवते, गर्दी आठवते आणि गोरापान हसरा चेहरा आठवतो. माझा जन्म त्याच वर्षी, पण काही महिन्यांनी झाला. त्यामुळे आमच्या घरात माझे वय धरणावरून मोजत.

तीन वर्षांनी, २१ मे १९९१ च्या रात्री दहाच्या सुमारास तामिळनाडूतील श्रीपेरुम्बुदूर येथे निवडणूक सभेच्या ठिकाणी राजीव गांधी मारले गेले. हार घालण्याच्या निमित्ताने जवळ आलेली एक तरुणी खाली वाकली आणि तिच्या कमरेच्या पट्ट्यातला बॉम्ब फुटला. त्यांच्यासोबत डझनाहून अधिक माणसे गेली. आमच्याकडे ही खबर दुसऱ्या दिवशी पहाटे रेडिओवरून आली. दादा फजरची नमाज पढून अंगणात बसले होते. त्यांनी खबर ऐकली. ‘इन्ना लिल्लाही’ म्हणण्याच्या आधी त्यांच्या तोंडून निघाले, “किसने मारा?”

मी तेव्हा तीन वर्षांचीही नव्हते. हे सारे मी अम्मीकडून अनेकदा ऐकले आहे. दादीने दार आतून लावून घेतले. अब्बांनी त्या दिवशी दुकान उघडले नाही. थोड्या वेळाने शेजारचे काका आले आणि त्यांनीही तेच विचारले, “कोनं मारलं जी?” शब्द एकच होते, पण काकांच्या प्रश्नात हळहळ होती आणि दादांच्या प्रश्नात भीती होती. मारेकऱ्याचे नाव आपल्या नावासारखे निघाले तर? ही भीती काकांना कधी शिवली नसेल. त्यात त्यांचा काही दोष नव्हता.

दादांची भीती उगाच नव्हती. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींची हत्या झाली, तेव्हा मारेकरी हिंदू आहे हे आकाशवाणीला मुद्दाम सांगावे लागले. त्या एका वाक्याने किती मुसलमानांचे जीव वाचले असतील, याचा हिशेब कुणी केलेला नाही. पण मारेकऱ्याची जात कळल्यावर याच महाराष्ट्रात निरपराध ब्राह्मणांची घरे जाळली गेली. १९८४ मध्ये इंदिराजींना त्यांच्या दोन अंगरक्षकांनी मारले आणि दिल्लीत हजारो शिखांची कत्तल झाली. गोळी एक माणूस झाडतो आणि किंमत त्याच्या नावाचे सगळे मोजतात, हे दादांनी आपल्या आयुष्यात दोनदा पाहिले होते.

पुढच्या काही दिवसांत संशय श्रीलंकेतील तमिळ वाघांवर गेला. दादांनी दोन रकात शुक्रानाची नमाज पढली. सलाम फेरल्यावर ते तिथेच बसून रडू लागले. “एक आदमी मरा है और मैंने शुक्राना पढ़ा, अल्लाह माफ करे,” असे ते म्हणाल्याचे अम्मी सांगते. राजीवजी गेल्याचे दुःख त्या घरात असे उशिरा पोहोचले.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. मारले कोणी, याचे उत्तर न्यायालयाने दिले आहे. घटनास्थळी मरण पावलेल्या एका छायाचित्रकाराचा कॅमेरा शाबूत राहिला. त्यातल्या छायाचित्रांवरून तपास धनू आणि शिवरासनपर्यंत पोहोचला. धनू स्फोटातच मेली होती. शिवरासनने ऑगस्ट १९९१ मध्ये बंगळुरात वेढा पडल्यावर जीव दिला. जानेवारी १९९८ मध्ये खास न्यायालयाने सव्वीसच्या सव्वीस आरोपींना फाशी सुनावली. मे १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चौघांची फाशी कायम ठेवली, तिघांना जन्मठेप दिली आणि एकोणीस जणांना सोडले. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची होते. उर्दू अखबारातली ती बातमी मी दादांना मोठ्याने वाचून दाखवली होती. ऐकून ते म्हणाले, “ये तो हाथ थे. सर किसका था?”

त्या प्रश्नासाठी काही कमी कागद खर्ची पडले नाहीत. सुरक्षेत चूक कुठे झाली, हे न्यायमूर्ती वर्मा आयोगाने तपासले. कटामागे आणखी कोण, हे न्यायमूर्ती जैन आयोगाला पाहायचे होते. त्याच्या अंतरिम अहवालावरून १९९७ च्या अखेरीस गुजराल सरकार पडले. अहवालाने सरकार पडले, पण प्रश्न सुटला नाही. मग १९९८ मध्ये व्यापक कटाच्या तपासासाठी सीबीआयच्या अखत्यारीत वेगळी यंत्रणा उभी राहिली आणि वीस वर्षांहून अधिक काळानंतर, २०२२ मध्ये, ती गुंडाळली गेली. मुख्य आरोपी प्रभाकरनला २००२ च्या पत्रकार परिषदेत याबद्दल विचारले, तेव्हा त्याने ही दुःखद घटना असल्याचे सांगून विषय टाळला. २००९ मध्ये तोही मारला गेला. ज्याला सारे ठाऊक होते, तो न बोलताच गेला.

हे फक्त आपल्याच देशात घडते असे नाही. पाकिस्तानचे पहिले पंतप्रधान लियाकत अली खान यांना १९५१ मध्ये रावळपिंडीच्या सभेत गोळी घातली गेली. मारेकऱ्याला तिथेच ठार करण्यात आले आणि कटाचे रहस्य त्याच्याबरोबर गेले. केनेडींच्या हत्येवर अमेरिकेत आजही वाद चालतो.

पण मला अस्वस्थ करते ती वेगळी गोष्ट. या खटल्यातील पेरारिवलन अटकेच्या वेळी एकोणीस वर्षांचा होता. बॉम्बसाठी नऊ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आणून दिल्या, हा त्याच्यावरचा मुख्य आरोप. त्याचा कबुलीजबाब नोंदवणाऱ्या अधिकाऱ्याने निवृत्तीनंतर, २०१३ मध्ये, जाहीरपणे सांगितले की बॅटऱ्या कशासाठी आहेत हे आपल्याला ठाऊक नव्हते, असे तो म्हणाला होता आणि ते वाक्य आपण लिहिलेच नाही. २०१४ मध्ये फाशीची जन्मठेप झाली. मे २०२२ मध्ये पेरारिवलन सुटला, नोव्हेंबरमध्ये उरलेले सहा जण सुटले. एकतीस वर्षे गेली होती. त्या दिवशी आमच्या स्टाफरूममध्ये कुणी म्हणाले, चांगले झाले, कुणी म्हणाले, वाईट झाले. मी मात्र त्या न लिहिलेल्या वाक्याचाच विचार करत होते. ज्यांचे सोळा-सतरा जण त्या रात्री घरी परतले नाहीत, त्या कुटुंबांनाही पूर्ण सत्य मिळाले नाही आणि ज्या पोराची उमर तुरुंगात गेली, त्यालाही नाही.

प्रश्न सुटत नाही, तेव्हा माणसाला ती रिकामी जागा सोसवत नाही. तो तिथे कुणाचे तरी नाव भरतो, कधी कुणा नेत्याचे, कधी परदेशी शक्तीचे, तर कधी एका अख्ख्या जमातीचे. १९९१ नंतर तामिळनाडूत आसरा घेतलेल्या लंकेच्या तमिळ निर्वासितांकडेही असेच संशयाने पाहिले गेले. युद्धातून जीव वाचवून आलेल्या त्या बायाबापड्यांनी तरी कुणाला मारले होते? त्यांच्याही घरात त्या पहाटे कुणी दादा “किसने मारा?” म्हणत भीतीने थरथरले असतीलच. आपण मुसलमान अशा संशयाची झळ जाणतो. म्हणूनच पुराव्याविना दुसऱ्यावर बोट दाखवण्याचा मोह आपल्याला तरी होऊ नये. आपल्या ओट्यांवरही अशा वेळी हमखास कुणीतरी ‘अंदर की बात’ सांगतो. तिथेही पुरावा मागायला हवा.

गोसीखुर्दचे पाणी आता दूरवर पसरले आहे. सुरुवातीला सुमारे ३७२ कोटींचा असलेला हा प्रकल्प अठरा हजार कोटींच्या पुढे गेला. २००९ मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प झाला. ज्यांची गावे पाण्याखाली गेली, ते आपल्या प्रश्नांची उत्तरे वर्षानुवर्षे मागत राहिले. अब्बांनी ज्या दिवशी धूळ खात पंतप्रधानांना पाहिले, त्या दिवशी यातले काहीच कुणाला दिसत नव्हते.

सहलीहून परतल्यावर मी त्या मुलीला वहीत लिहायला लावले. न्यायालयात काय सिद्ध झाले, ते वर्षांसह लिही. कोणता प्रश्न उरला, तोही लिही. तिने लिहिले आणि विचारले, “टीचर, इसका जवाब?” मी म्हटले, “खाली दोन ओळी कोऱ्या सोड.” तिने पट्टीने आखून दोन ओळी सोडल्या. दादा असते, तर ती वही मी त्यांना दाखवली असती.