हिंदकळणारी बाटली

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

लहानपणी आमच्या घरी दर तीन आठवड्यांनी एक ठरलेला दिवस यायचा. थोरल्या आपाला सांधेताप येऊन गेला होता. पुन्हा उलटला तर हृदयावर जाईल, पेनिसिलिनचं इंजेक्शन चुकवू नका, असं डॉक्टरांनी अब्बांना बजावलं होतं. दवाखान्यातले कंपाउंडरचाचा बाटलीतल्या पांढऱ्या पावडरीत पाणी सोडायचे आणि बाटली दोन तळहातांत धरून फिरवत राहायचे. पावडर नीट मिसळली नाही तर सुई तुंबायची आणि आपाला पुन्हा टोचावं लागायचं. बाटलीवर पिंपरीचं नाव असायचं.

मी बीए झालो तो मराठी घेऊन. पण पेनिसिलिनचा इतिहास वाचायला लागलो आणि चाचांचं ते बाटली फिरवणं आठवत राहिलं. शाळेत आपल्याला शिकवतात ते 1928 साल, लंडन, फ्लेमिंग आणि बशीतली बुरशी. गोष्ट तिथंच संपवतात. खरी धाकधूक पुढं आहे. 12 फेब्रुवारी 1941 रोजी ऑक्सफर्डला अल्बर्ट अलेक्झांडर नावाच्या पोलिसाला हे औषध टोचलं. चेहऱ्यावरच्या जखमेतून विष अंगभर भिनलं होतं. (गुलाबाचा काटा लागला होता, असं सांगतात. कवीला आवडेल अशी गोष्ट, पण तिच्याबद्दल शंका घेतली गेली आहे.) ताप उतरला, तो जेवू लागला आणि औषध संपलं. त्याच्या लघवीतून पेनिसिलिन काढून परत टोचलं, तेही पुरलं नाही. 15 मार्चला तो गेला. औषध सापडलं होतं, पण एका माणसाला पुरेल एवढं जगात नव्हतं.

का नव्हतं? बुरशीला हवा लागते, म्हणून ती द्रवाच्या पृष्ठभागावर साय धरावी तशी वाढते. नॉर्मन हीटली यांनी तिच्यासाठी आजाऱ्याच्या बेडपॅनसारखी चिनीमातीची उथळ भांडी बनवून घेतली होती. अशी किती भांडी मांडणार? द्रवाच्या पोटात बुरशी वाढवावी, तर तिथं हवा कुठली! एक लिटर पाण्यात प्राणवायू विरघळतो तो जेमतेम आठ मिलिग्रॅम. बुरशी तो पाहता पाहता संपवते. तो सतत आत घालत राहायला हवा.

त्याची एक सोपी युक्ती हॉलंडमधल्या डेल्फ्ट इथल्या क्लायव्हर आणि पर्क्विन यांनी 1933 सालीच छापली होती. फ्लास्कमध्ये थोडाच द्रव घ्यायचा आणि फ्लास्क यंत्रावर हलवत ठेवायचा. आपल्या भाषेत यासाठी नेमका शब्द आहे : हिंदकळणं. घुसळायला रवी लागते, ढवळायला पळी. हिंदकळायला आत काहीच घालावं लागत नाही, भांडं हललं की झालं. द्रव काचेवर चढतो, उतरताना मागं पातळ थर ठेवतो आणि त्या थरातून प्राणवायू आत शिरतो.

पण लहान भांड्यात जमलेलं मोठ्यात जमतंच असं नाही. रमजानात आमच्या मोहल्ल्यात मोठ्या पातेल्यात सरबत व्हायचं. पेल्यात चमचा दोनदा फिरवला की साखर विरघळते. पातेल्यात मात्र पहिल्यांना फिक्कं मिळायचं आणि शेवटच्यांना नुसता पाक. भांडं सगळ्या बाजूंनी दहापट केलं, तर आतला द्रव हजारपट होतो आणि पृष्ठभाग फक्त शंभरपट. हवा यायची वाट तिथंच अपुरी पडते.

1941 च्या उन्हाळ्यात हीटली आणि फ्लोरी अमेरिकेत गेले. पिओरियाच्या सरकारी प्रयोगशाळेत मक्याच्या स्टार्च कारखान्यातलं मळीसारखं उरलेलं पाणी बुरशीला मानवलं आणि बुरशी द्रवाच्या पोटात वाढवण्याचं कामही पुढं सरकलं. ब्रुकलिनमध्ये फायझर कंपनीनं जुना बर्फाचा कारखाना घेतला आणि 1 मार्च 1944 रोजी साडेसात हजार गॅलनच्या चौदा टाक्या सुरू केल्या. तिथं हिंदकळणं सुटलं. खालून हवा सोडायची आणि आत पाती फिरवायची. त्याच वर्षी कूपर, फर्नस्ट्रॉम आणि मिलर यांनी टाकीत प्राणवायू किती शिरतो ते मोजायची रीत छापली. पाण्यात सोडियम सल्फाइट घालायचं, ते प्राणवायू खातं. किती उरलं त्यावरून किती आत गेला ते कळतं. मला ही रीत फार आवडते. हिशेब सरळ आहे, वाण्याच्या वहीसारखा.

हीच विद्या दहा वर्षांनी आपल्याकडं आली. 1954 साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, त्यात युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेची मदत होती. आपाची बाटली यायची ती तिथून.

फ्लास्क मात्र प्रयोगशाळेतच राहिला. नवी बुरशी पारखायची, नवं औषध शोधायचं, तर आधी फ्लास्क हलवायचा. टाक्यांचं मोजमाप झालं, फ्लास्कचं कितीतरी वर्षं पुरेसं झालंच नाही. जर्मनीतल्या आखेनचे योखेन ब्यूक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्लास्कमधल्या द्रवात किती शक्ती उतरते ते मोजलं. 2001 साली त्यांनी दाखवलं, की द्रव फार दाट असला तर काही वेळा फ्लास्क फिरतो आणि द्रव त्याच्या लयीत येतच नाही. वरून सगळं सुरळीत वाटतं आणि आत मिसळणं जवळजवळ थांबलेलं असतं.

अलीकडं हिंदकळणं मोठ्या भांड्यांतही परत आलं आहे. काही नवी औषधं प्राण्यांच्या पेशींकडून करून घेतात आणि त्या पेशी नाजूक असतात. स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या संशोधकांनी यासाठी हजार लिटरपर्यंतची भांडी फिरवून पाहिली. किती वेगानं फिरवायचं याला त्यांनी विल्यम फ्रूड यांचा नियम लावला. फ्रूड यांनी 1870 च्या दशकात छोट्या नमुन्यांवरून मोठ्या जहाजांचा अंदाज बांधला होता. फिरण्याचं वर्तुळ आणि द्रवाची उंची त्याच प्रमाणात वाढवून भांडं चौपट रुंद केलं, तर फेरे निम्म्यावर आणायचे, की लाट तशीच उठते.

आणि मिसळलं की नाही, हे ते रंगावरून पाहतात. द्रवात दोन रंगद्रव्यं घालतात. आम्ल जास्त तिथं लाल, अल्क जास्त तिथं निळं, नीट मिसळलं तिथं पिवळं. घड्याळ लावून बसायचं आणि कुठल्या कोपऱ्यात शेवटचा रंग रेंगाळतो ते बघायचं.

आपानं आता पासष्टी ओलांडली आहे. परवा तिला मी हे सांगितलं, तर म्हणाली, "चाचा बाटली खिडकीच्या उजेडात धरायचे, आठवतंय? तळाशी पांढरं दिसलं की पुन्हा फिरवायचे. मी तेवढा वेळ डोळे मिटून बसायचे."