टायर, क्लच आणि एक पाऊल : ड्रॅग रेसिंगमधील ‘लाँच’चा इतिहास

१/८
८ मार्च १९७०, कॅलिफोर्नियातील लायन्स ड्रॅग स्ट्रिप. डॉन गार्लिट्स यांची गाडी आरंभरेषेवरून सुटत असतानाच तिच्या ट्रान्समिशनचा स्फोट झाला. गाडीचे दोन तुकडे झाले आणि गार्लिट्स यांच्या उजव्या पावलाचा काही भाग कायमचा गेला. जलद सुटता यावे म्हणून गाडीची जी रचना रूढ झाली होती, तिची ही किंमत होती.

२/८
या खेळाची मुळे कॅलिफोर्नियातील कोरड्या तलावांच्या सपाट मैदानांत आहेत. तिथे लांबून वेग घेऊन गाडीचा सर्वोच्च वेग मोजला जाई. १९५० मध्ये सांता ॲना येथील विमानतळाच्या धावपट्टीवर शर्यती सुरू झाल्या. १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांनी ‘नॅशनल हॉट रॉड असोसिएशन’ स्थापन केली. अंतर ठरले पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर, आणि सुरुवात उभ्या स्थितीतून. त्यामुळे पहिल्या काही मीटरना निर्णायक महत्त्व आले.

३/८
इंजिनाची ताकद कितीही असो, ती रस्त्यावर उतरते टायरमधूनच. टायरची पकड मुख्यतः रबर व रस्ता यांतील घर्षणावर आणि टायरवर पडणाऱ्या भारावर अवलंबून असते. पकडीपेक्षा जोर जास्त झाला की चाक जागीच गरगरते. गाडी झेपावताना भार मागे सरकतो. म्हणून जोर मागच्या चाकांना देणे फायद्याचे ठरले.

४/८
याच विचारातून १९५० च्या दशकात ‘स्लिंगशॉट’ गाडी रूढ झाली. स्लिंगशॉट म्हणजे बेचकी. इंजिन शक्य तितके मागे आणि चालक थेट मागच्या आसाच्याही मागे, बेचकीतल्या दगडासारखा. चालकाचे वजनही पकड वाढवण्याच्या कामी लागले.

५/८
टायरही बदलले. नक्षी नसलेले रुंद ‘स्लिक’ आले. पुढे त्यांच्या बाजू इतक्या लवचीक झाल्या की हवा कमी ठेवल्यास सुटताना त्यांना सुरकुत्या पडत आणि धक्का शोषला जाई. शर्यतीपूर्वी चाके जागीच फिरवून रबर तापवण्याची ‘बर्नआउट’ची प्रथा पडली. क्लच एकदम न पकडता किंचित घसरू दिला, तर जोर टप्प्याटप्प्याने चाकांपर्यंत पोहोचतो, हेही उमगले.

६/८
पण स्लिंगशॉटमध्ये क्लच आणि ट्रान्समिशन चालकाच्या पायांपाशी असत. इंजिन समोर असल्याने ते फुटले की तेल आणि आग थेट त्याच्या अंगावर येई. पकडीसाठी निवडलेली जागाच सर्वांत धोक्याची होती.

७/८
रुग्णालयात असतानाच गार्लिट्स यांनी इंजिन चालकाच्या मागे नेण्याचा विचार पक्का केला. अशा गाड्या पूर्वीही झाल्या होत्या. मात्र वेगात त्या भरकटत. गार्लिट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्टिअरिंगची प्रतिक्रिया मंद केली आणि गाडी सरळ धावू लागली. १९७१ च्या आरंभी पोमोना येथील ‘विंटरनॅशनल्स’ स्पर्धा त्यांनी याच प्रकारच्या गाडीतून जिंकली. अवजड इंजिन मागच्या आसाजवळच असल्याने पकडही टिकली. काही वर्षांतच सर्वोच्च वर्गातून स्लिंगशॉट हद्दपार झाली.

८/८
आज स्पोर्ट्स कार घेऊन ड्रॅग स्ट्रिपवर उतरणारा हौशी चालक मागच्या टायरमधील हवा कमी करतो, रबर तापवतो, भार मागे जावा म्हणून सस्पेन्शन जुळवतो. ‘लाँच कंट्रोल’ची संगणकप्रणाली जोर आवरून देते. ही सारी तत्त्वे त्या काळातच हाती आली होती. चालकाला जिवंत ठेवून ती वापरण्याचा मार्ग मात्र १९७० च्या त्या स्फोटानंतरच रूढ झाला.