मुंबई–पुणे लोहमार्ग आणि घाटातील ‘उतारू’

मुंबई व पुणे या दोन नगरांना जोडणाऱ्या लोहमार्गाचा इतिहास सामान्यतः १८६३ साली बोरघाट सर झाला, त्या घटनेभोवती लिहिला जातो. अभियांत्रिकीच्या दृष्टीने ते योग्यच होय. परंतु प्रवाशाच्या दृष्टीने त्यापूर्वीची पाच वर्षे अधिक विचारार्ह आहेत. कारण त्या काळात दोन्ही नगरांस आगगाडी होती, आणि तरीही त्यांच्यामध्ये सलग आगगाडीचा प्रवास नव्हता.

१८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला. तेव्हा मुंबईहून पुण्यास निघालेला मनुष्य बहुधा पनवेलपर्यंत जलमार्गाने येई व तेथून खोपोलीवरून घाट चढे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी धावली. १८५४ मध्ये मार्ग कल्याणास आणि १२ मे १८५६ रोजी खोपोलीस पोहोचला. पुढे १४ जून १८५८ रोजी खंडाळा–पुणे हा भाग सुरू झाला. खोपोली व खंडाळा यांच्यामध्ये मात्र सह्याद्रीचा कडा तसाच उभा होता. मुंबईचा प्रवासी खोपोलीस गाडीतून उतरे, पालखीने, तट्टावरून अथवा बैलगाडीने घाट चढे आणि खंडाळ्यास पुन्हा दुसऱ्या गाडीत बसे. दोन्ही टोकांस वाफेचे यंत्र आणि मध्ये भोयांचा खांदा, अशी या प्रवासाची रचना होती.

या संदर्भात मराठीतील ‘उतारू’ हा शब्द लक्षणीय आहे. ‘उतरणे’ या धातूला मराठीत अर्थांचे मोठे क्षेत्र आहे. नदी उतरणे म्हणजे ती पार करणे, घाट उतरणे म्हणजे खाली येणे, धर्मशाळेत उतरणे म्हणजे मुक्काम करणे. नदी जेथे पायी ओलांडता येते त्या स्थळास ‘उतार’ म्हणतात. ‘प्रवासी’ या संस्कृत शब्दात घरापासून दूर असणे प्रधान आहे. ‘उतारू’ शब्दात वाटेवरील टप्पा प्रधान आहे. आगगाडीत बसणाऱ्यासही मराठीने हाच शब्द लावला. यंत्र नवे असले तरी प्रवासाची कल्पना टप्प्याटप्प्यांचीच राहिली होती, याची साक्ष या शब्दात मिळते. खोपोलीस उतरून घाट चढणाऱ्यास तर तो अक्षरशः लागू पडत होता.

हा मधला टप्पा नाहीसा करण्यासाठी जेम्स बर्कले या मुख्य अभियंत्याच्या योजनेनुसार सुमारे १६ मैलांचा चढ बांधण्यात आला. त्यात १,८३१ फुटांची चढण, २५ बोगदे आणि काही ठिकाणी ३७ फुटांस एक फूट इतका तीव्र उतार होता. १८६१ च्या सुमारास येथे ४२ हजारांच्या आसपास मजूर राबत होते. पटकी, ताप आणि कड्यावरील अपघात यांनी त्यांपैकी पुष्कळांचा बळी घेतला. जानेवारी १८५९ मध्ये थकलेल्या मजुरीवरून मजुरांचा उठाव झाला. त्याच वर्षी मूळ कंत्राटदाराने काम सोडले. त्याच्या जागी आलेला सॉलोमन ट्रेडवेल अल्पावधीतच मरण पावला व त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने ते कंत्राट पुढे चालविले. कंत्राटदारांची नावे इतिहासग्रंथांत येतात. कामकऱ्यांचा उल्लेख केवळ संख्येने होतो.

२१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते या मार्गाचे उद्‌घाटन झाले आणि १४ मे रोजी तो वाहतुकीस खुला झाला. मुख्य मार्ग पळसदरीवरून घाटात वळल्यामुळे सात वर्षे घाटाचे द्वार असलेली खोपोली एका फाट्याचे शेवटचे स्थानक बनली. तथापि अखंडता एका दिवसात सिद्ध झाली नाही. जुलै १८६७ मध्ये घाटातील एक मोठा कमानी पूल कोसळला. चढावर गाडीची दिशा उलटविण्यासाठी बांधलेले स्थानक १९२९ मध्ये नवा मार्ग होईपर्यंत वापरात होते, आणि तोवर प्रत्येक गाडीस तेथे थांबून इंजिन दुसऱ्या टोकास लावावे लागे.

सारांश, ‘मुंबई–पुणे लोहमार्ग १८६३ मध्ये पूर्ण झाला’ हे विधान सत्य असले तरी अपुरे आहे. या मार्गाच्या इतिहासात खोपोलीस उतरणारा प्रवासी, त्याला वर नेणारा भोई आणि त्या भोयाचे काम संपविणारा बोगदा खोदणारा मजूर या तिघांचाही समावेश व्हावयास हवा. लोहमार्गाने प्रवासातील घाटाचा टप्पा पुसला. ‘उतारू’ हा शब्द मात्र त्यानंतरही दीर्घकाळ मराठी वृत्तपत्रांच्या व स्थानकांच्या भाषेत नांदत राहिला.