अवधान आणि कोपऱ्यांतली खिडकी

टॅब्लेट या नांवानें ओळखली जाणारी कांचेची पाटी आतां मध्यम स्थितींतल्या पुष्कळ घरांत येऊन बसली आहे. तिच्यावर एक सोय असते. चालू असलेलें चलच्चित्र बोटानें आकसून पडद्याच्या एका कोपऱ्यांत बसवावें, आणि उरलेल्या जागेंत पत्र लिहावें, हिशेब करावा, वाचावें, किंवा आणखी कांहीं करावें. आयपॅडवर ही सोय २०१५ सालीं आली आणि अँड्रॉइडच्या फोनांवर व पाट्यांवर २०१७ सालीं. तिला नांवें ठेवणारे म्हणतात कीं, हिनें नव्या पिढीचें चित्त उधळलें. तिची बाजू घेणारे म्हणतात कीं, एका वेळीं दोन कामें करणारी नवी बुद्धि आतां जन्मास येत आहे. दोन्ही पक्ष एक गोष्ट गृहीत धरून चालतात, ती ही कीं, हा सगळा प्रकार अगदीं नवा आहे. मला मात्र तसें वाटत नाहीं. लक्ष वांटावें कीं वांटूं नये, आणि वांटलेंच तर तें कसें, हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. आणि त्याचीं जुनीं उत्तरें आपण समजतों त्याहून बारकाईचीं आहेत.

शके १२१२ मध्यें, म्हणजे इ. स. १२९० त, ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. तिच्या नवव्या अध्यायाच्या आरंभींच ज्ञानेश्वर श्रोत्यांपाशीं एकच वस्तु मागतात, आणि ती म्हणजे अवधान. वक्त्याचें सारें सामर्थ्य श्रोत्याच्या अवधानावर अवलंबून असतें, हें ओळखणारा कवि तें आज्ञा करून घेत नाहीं, लडिवाळपणें मागून घेतो. याच शब्दाला संख्येची जोड मिळून अष्टावधान व शतावधान हे शब्द रूढ झाले. देवळांतल्या मोठ्या पूजेंतहि अष्टावधान सेवा असते. तींत वेद, शास्त्र, पुराण, गीत, वाद्य इत्यादि देवाला अर्पण करतात, पण एकामागून एक. साक्षात् सर्वसाक्षी परमेश्वरापुढेंहि आपल्या पूर्वजांनीं सर्व कांहीं एकदम वाजविलें नाहीं, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

विद्वत्सभेंतलें अष्टावधान तेलंगणांत, आंध्रांत व कर्नाटकांत आजहि होतें. अवधानी मध्यें बसतो व भोंवतीं आठ पृच्छक असतात. कोणी समस्या देतो. कोणी चार शब्द देऊन ते ज्यांत येतील असा श्लोक मागतो. कोणी पदोपदीं अक्षरें वर्ज्य करीत जातो. कोणी मधूनमधून घंटा वाजवितो आणि ठोके किती झाले तें शेवटीं विचारतो. या आठांत एकाचें काम मोठें चमत्कारिक असतें. त्याचें नांव अप्रस्तुतप्रसंग. त्यानें अवधान्याला भलत्याच गप्पांत ओढावयाचें, हंसवावयाचें, आणि त्याच्या मनांतला धागा तुटतो कीं काय तें पाहावयाचें. म्हणजे चित्त विचलित करणारा इसम हा त्या सभेंत मुद्दाम नेमलेला अधिकारीच होय! आपल्या कोपऱ्यांतल्या खिडकीचें कूळ शोधावयाचें तर तें मला या आसनाशीं सांपडतें.

पण अवधानी करतो तें काय? तो आठ गोष्टी एकदम करीत नाहीं. तो समस्येचा एक चरण सांगतो, तो मनांत जपून ठेवतो, दुसऱ्या पृच्छकाकडे वळतो, आणि फेरा पुरा झाला म्हणजे सोडलेल्या ठिकाणीं अचूक परत येतो. त्याची कीर्ति आहे ती या परतण्याची. १८८७ च्या जानेवारींत मुंबईच्या फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्यें एकोणीस वर्षांच्या रायचंदभाईंनीं, म्हणजे पुढें श्रीमद् राजचंद्र म्हणून प्रसिद्ध झालेल्या जैन सत्पुरुषानें, शतावधानाचा प्रयोग करून शहर थक्क केलें. पण लवकरच त्यांनीं हे जाहीर प्रयोग आपण होऊन बंद केले. १८९१ सालीं विलायतेहून परतलेल्या गांधीजींनीं निरनिराळ्या भाषांतले शब्द सांगून त्यांची परीक्षा पाहिली, व ते सर्व त्याच क्रमानें परत ऐकले. या शक्तीचा आपल्याला हेवा वाटला, पण तिनें आपण मोहून गेलों नाहीं, असें गांधीजी आत्मकथेंत सांगतात. मोह पडला तो निराळ्या गोष्टीचा. हिऱ्यामोत्यांचा व्यापार करणाऱ्या या माणसाच्या मेजावर एखादा धर्मग्रंथ व रोजनिशी हीं नेहमीं असावयाचीं, आणि व्यवहार संपतांच तो ग्रंथ उघडला जावयाचा. ग्रंथ हाताशीं होता, पण मोत्यांची पारख चाललेली असतांना तो मिटलेला होता. शंभर अवधानें साधलेल्या पुरुषाची ही दिनचर्या होती!

हें झालें विद्वानांचें. सामान्य संसारांत लक्ष वांटण्याचा याहून मोठा दाखला आपल्या आज्यापणज्यांचा आहे. पहांटे जात्यावर बसणारी बाई हातानें दळीत असे व तोंडानें ओवी गात असे. जात्याचा खुंटा फिरविणें हें सवयीनें अंगवळणीं पडलेलें काम. त्याला डोळ्यांची गरज थोडी, बुद्धीची त्याहून थोडी. ओवीची लय जात्याच्या फेऱ्यावर बसलेली असे. त्यामुळें गाणें कामांत अडथळा न होतां कामाचें बळ होई, आणि काम गाण्याचा ताल होई. आमच्या दापोली तालुक्यांतल्या पालगडचे साने गुरुजी यांनीं अशा ओव्या जमवून १९४० च्या सुमारास ‘स्त्रीजीवन’ हा संग्रह प्रसिद्ध केला. पुढें हेमा राइरकर व गी प्वातवाँ यांनीं पुण्याहून चालविलेल्या उद्योगांत अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. त्या जमविण्याची निकड कां पडली? पिठाची गिरणी आली, जातें थांबलें, आणि जात्याबरोबर ओवीहि थांबली. जीं दोन कामें एकमेकांचीं वैरी असतात, त्यांतलें एक गेल्यावर दुसरें फोफावतें. हीं दोन एकमेकांचीं सोबती होतीं, म्हणून एक गेल्यावर दुसरें सुकलें.

बुरोंडीच्या किनाऱ्यावर हेंच आजहि पाहावयास मिळतें. पावसाळ्यांत समुद्र खवळलेला असतो, होड्या वर ओढून ठेवलेल्या असतात, आणि माणसें जाळीं दुरुस्त करीत बसतात. पूर्वी शेजारीं रेडिओ असे, आतां फोन असतो. बोटें गांठी मारीत असतात व कान गाण्यांत असतात. तेथें कोणाचें चित्त उधळलें आहे असें मला कधीं वाटलें नाहीं.

आतां यंत्राकडे वळूं. एका वेळीं अनेक कामें या अर्थाचा ‘मल्टिटास्किंग’ हा शब्द माणसांसाठीं घडविलेला नाहीं. १९६० नंतरच्या दशकांत तो संगणकांच्या संबंधानें वापरांत आला. १९६१ च्या नोव्हेंबरांत अमेरिकेंतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूटमध्यें फर्नांडो कॉर्बातो यांनीं एकच संगणक अनेकांना एकदम वापरतां येईल अशी व्यवस्था करून दाखविली. पण ती यंत्रेंसुद्धां दोन कामें एकदम करीत नव्हतीं. तीं एका कामाला क्षणाचा अंश देत, तें जसेंच्या तसें टिपून ठेवीत, दुसऱ्याकडे वळत, आणि परत येत. वेग एवढा कीं पाहणाऱ्याला सर्व एकदम चालल्यासारखें वाटावें. म्हणजे यंत्रानेंहि अवधान्याचीच रीत उचलली होती. फरक एवढाच कीं, सोडलेली जागा यंत्र विसरत नाहीं.

पडद्यावरच्या खिडकीचा इतिहासहि उद्बोधक आहे. ९ डिसेंबर १९६८ रोजीं सॅन फ्रान्सिस्को येथें डग्लस एंगलबार्ट यांनीं एक विख्यात प्रात्यक्षिक केलें. त्यांत पडद्यावर मजकूर होता, आणि त्याच पडद्याच्या एका भागांत दूर मेन्लो पार्कमध्यें बसलेल्या सहकाऱ्याचें हलतें बोलतें चित्र होतें. दोघेंहि त्याच मजकुरावर बोलत होते. म्हणजे या खिडकीचा आरंभ करमणुकीसाठीं झाला नाहीं. चालू कामांत दुसऱ्या माणसाला सोबत घेण्यासाठीं झाला. पुढें १९८० नंतरच्या दशकांत महाग दूरदर्शन-संचांवर चित्रांत चित्र दाखविण्याची सोय आली. ती मुख्यतः एक कार्यक्रम पाहतां पाहतां दुसऱ्यावर नजर ठेवण्यासाठीं. तेथें सोबती जाऊन प्रतिस्पर्धी आला. टॅब्लेटवर हे दोन्ही वंश एकत्र झाले आहेत, आणि आपली चूक होते ती येथेंच. कोपऱ्यांत कोण बसला आहे, सोबती कीं अप्रस्तुतप्रसंग, हें आपण विचारीत नाहीं.

मानसशास्त्राचा पुरावा याच दिशेचा आहे. १९५३ सालीं कॉलिन चेरी यांनीं माणसाच्या दोन कानांत दोन निराळीं भाषणें ऐकविलीं आणि एक मोठ्यानें म्हणत जाण्यास सांगितलें. तें बिनचूक म्हणणाऱ्यांना दुसऱ्या कानांत काय चाललें होतें हें जवळजवळ सांगतां आलें नाहीं. मध्येंच इंग्रजी जाऊन जर्मन सुरू झालें तरी पुष्कळांना पत्ता नव्हता. भाषा आणि भाषा यांची गांठ पडली कीं एकीला बाहेर उभें राहावें लागतें. २००९ सालीं स्टॅनफर्डमध्यें ओफिर, नास व वॅग्नर यांना असें आढळलें कीं, एकाच वेळीं अनेक पडद्यांत रमणाऱ्यांना निरर्थक गोष्टी बाजूला सारणें इतरांहून जड जातें. पुढच्या कांहीं प्रयोगांत हा निष्कर्ष तितका ठळक उतरला नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे. तेव्हां सारी पिढी वायां गेली असा आक्रोश करण्याचें कारण नाहीं. पण ज्यांना सराव अधिक, त्यांना ही कला अधिक साधते, असेंहि त्यांतून निघालें नाहीं.

येथवर इतरांचें सांगितलें. आतां स्वतःचें सांगतों. कारण या विषयाकडे मी वळलों तो ग्रंथांतून वळलों नाहीं.

१० जुलै २०१९ रोजीं मी बुरोंडीस होतों. आषाढी एकादशी दोन दिवसांवर आली होती. आईची प्रकृति तोळामासा होती, म्हणून रजा घेऊन गेलों होतों. दुपारीं तिला बरें वाटलें व ती ओटीवर येऊन बसली. कोपऱ्यांत जुनें जातें होतें. त्यावर हात ठेवून ती आपण होऊन ओव्या सांगूं लागली. त्या तिच्या आईच्या होत्या. मीं कित्येक वर्षें मागितल्या होत्या आणि ती हंसून टाळीत आली होती. मी टॅब्लेट घेऊन उतरून घेऊं लागलों. त्याच दिवशीं मँचेस्टरला विश्वचषकाच्या उपांत्य सामन्याचा पावसानें पुढें ढकललेला भाग चालला होता, आणि सामन्याचें चित्र मीं कोपऱ्यांत लहान करून ठेविलें होतें. आवाज बंद होता. आईचें ऐकण्यांत त्यानें काय बाध येणार, असें मला वाटलें.

ती मधूनच थांबून विचारी, “लक्ष आहे ना रे तुझें?” मी म्हणें, “आहे, तूं सांग.” आणि मी खोटें बोलत नव्हतों, मला तसें मनापासून वाटत होतें. तिन्हीसांज झाली, आपला संघ १८ धावांनीं हरला, आई देवापाशीं दिवा लावावयास उठली.

पुढल्या उन्हाळ्यांत ती गेली. थोड्याच दिवसांनीं, ३ जून २०२० रोजीं, निसर्ग नांवाचें चक्रीवादळ दिवेआगराजवळ किनाऱ्यावर चढलें. त्यानें आमच्या तालुक्याची दैना केली. घराचीं कौलें गेलीं, माड आडवे झाले, आणि कित्येक दिवस वीज नव्हती. सगळें सांवरल्यावर एके रात्रीं मीं तें टिपण उघडलें. बावीस ओव्या होत्या. सतरा पुऱ्या होत्या. पांच ओव्यांची पहिली ओळ तेवढी होती. एकीपुढें, तिची दुसरी ओळ यावयाची त्या जागीं, मींच लिहिलें होतें: ‘५ वर ३’. पहिले तीन गडी पांच धावांत बाद झाले, तो तो क्षण. दुसरीपुढें नुसता ‘७७’ हा आंकडा होता. ती जडेजाची धावसंख्या. आईनें ती ओळ म्हटली नव्हती असें नाहीं. तिनें म्हटली, माझ्या कानांवर पडली, आणि मी तेथें नव्हतों.

अवधानी परत येतो, यंत्र परत येतें. मी परत आलों तेव्हां ओवी पुढें निघून गेली होती, आणि गेल्याचें मला कळलेंहि नव्हतें. चेरी यांच्या प्रयोगांतला तो श्रोता मीच होतों, असें हें वाचतांना वाटलें.

याचा अर्थ ती खिडकी फोडून टाकावी असा मी करीत नाहीं. गेल्या दिवाळींत माझी एक नात कोपऱ्यांत पेटीवादनाचा धडा लावून त्याच पडद्यावर स्वर लिहून घेतांना पाहिली. तेथें खिडकी सोबतीण होती. भाजी निवडतांना कोणी कीर्तन लावलें तर आजीच्या ओवीचीच ती परंपरा. पण जेथें शब्दाला शब्द भिडतो, जेथें कामाला सवय नव्हे तर बुद्धि लागते, आणि सर्वांत अधिक म्हणजे जेथें समोर माणूस बोलत असतो, तेथें रायचंदभाईंच्या मेजावरचा ग्रंथ आठवावा. ग्रंथ तेथेंच होता. वेळ आली म्हणजे तो उघडत असे.

त्या पांच ओव्या मीं आतां कागदावर उतरविल्या आहेत आणि दुसऱ्या ओळीची जागा कोरी ठेविली आहे. दोन जागा मावशीनें भरून दिल्या. तिला आणखी आठवतील असें ती म्हणते. तिचें वय अठ्ठ्याऐंशी आहे. येत्या सुटींत मी पुन्हां बुरोंडीस जाणार आहें. टॅब्लेट बरोबर नेणार आहें, कारण तिचा आवाज मुद्रित करून घ्यावयाचा आहे. यंत्र सुरू करून तें पालथें ठेवावयाचें, आणि आपण मावशीकडे तोंड करून बसावयाचें, एवढें मीं ठरविलें आहे.