मद्रासचा रेडिओ क्लब आणि चौकोनी तरंग

रेडिओ हे सरकारी खाते होण्यापूर्वी ती हौशी माणसांची धडपड होती. मुंबईच्या रेडिओ क्लबने १९२३ मध्ये प्रक्षेपणाचा प्रयत्न केला. पुढच्याच वर्षी, १६ मे १९२४ रोजी, सी. व्ही. कृष्णस्वामी चेट्टी यांच्या पुढाकाराने मद्रास प्रेसिडेन्सी रेडिओ क्लब स्थापन झाला आणि ३१ जुलैपासून अवघ्या ४० वॉटच्या प्रक्षेपकावरून कार्यक्रम सुरू झाले. पैशाअभावी १९२७ मध्ये क्लब बंद पडला. प्रक्षेपक मात्र मद्रास महापालिकेकडे गेला आणि १ एप्रिल १९३० पासून तिने नियमित प्रक्षेपण चालविले. त्यात शाळकरी मुलांसाठी संगीताचे धडे व गोष्टी असत. बुडालेल्या हौसेचा याहून चांगला वारसा क्वचितच आढळेल! १६ जून १९३८ रोजी ऑल इंडिया रेडिओचे मद्रास केंद्र सुरू झाले.

प्रक्षेपकाचे हृदय म्हणजे ऑसिलेटर, म्हणजेच विद्युत्प्रवाहाला ठरावीक वेगाने आंदोलित करणारे सर्किट. त्याचा तरंग नितळ, वळणदार असतो. चौकोनी तरंगाचे सर्किट पहिल्या महायुद्धाच्या काळात फ्रान्समध्ये जन्मले. हेन्री अब्राहम आणि युजीन ब्लॉक यांनी दोन व्हॉल्व्ह एकमेकांना असे जोडले की एक चालू झाला की दुसरा बंद पडावा. १९१९ मध्ये त्यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. चौकोनी तरंगात मूळ वारंवारतेच्या पटीतील अनेक कंपने दडलेली असतात, म्हणून त्यांनी त्याला ‘मल्टिव्हायब्रेटर’ म्हटले. रेडिओची वारंवारता मोजण्यास ते कामी आले.

आज तेच सर्किट दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर आणि दोन कपॅसिटर यांत मावते. हे सुटे भाग घेण्यासाठी चेन्नईचा हौशी विद्यार्थी अण्णा सालैलगतच्या रिची स्ट्रीटवर जातो. ४७ किलोओहमचे रेझिस्टर आणि १० मायक्रोफॅरडचे कपॅसिटर लावले, तर दिवे सुमारे ०.६५ सेकंदात एक आवर्तन पुरे करतात. कपॅसिटर हजारपट लहान केला की डोळ्यांना दिसणारी ती उघडझाप कानाला ऐकू येणारा सूर होते, सेकंदाला सुमारे दीड हजार कंपनांचा. हौशी रेडिओच्या परवान्यासाठी मोर्स लिपीची परीक्षा द्यावी लागे, तेव्हा असल्याच सर्किटला एक किल्ली जोडून कित्येकांनी ‘डिट’ आणि ‘डा’ गिरवले.