‘सध्या ऑर्डर घेणे बंद आहे’ : रंगवलेल्या चेहऱ्यांचा आणि थांबलेल्या हातांचा इतिहास

(दीर्घ धागा)

श्रावण सरत आला की हौसेने बाहुल्या, गौरीचे मुखवटे आणि लहान मूर्ती रंगवणाऱ्या कलावंतांच्या पानांवर एक ओळ हमखास दिसू लागते : ‘सध्या ऑर्डर घेणे बंद आहे.’ काहींच्या पानावरून ती दिवाळीनंतर उतरते. पुष्कळांच्या पानावर ती कायमची राहते. मग पाहणारे तर्क लढवतात. नाव झाले, आता भाव खाते. हौस फिटली. कोणी म्हणतो, धंदा करणे हे येरागबाळ्याचे काम नव्हे.

हे तर्क एखाद्याच्या बाबतीत खरेही असतील. पण रंगवलेल्या चेहऱ्यांचा इतिहास पाहिला, तर थांबलेला हात ही आजची घटना नाही. तिची मुळे पाहण्यासाठी अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, हा जिल्हा फार सोयीचा आहे. येथे दरबारी चित्रकला होती, बलुतेदारी होती, गणपतीचे कारखाने आहेत आणि शिर्डीही आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ‘ऑर्डर’ हा व्यवहारच आपल्याकडे उशिरा आला. गावगाड्यात कुंभार हा बलुतेदार. पोळ्याला मातीचे बैल, नागपंचमीला नागोबा, लग्नाला बोहल्याची मडकी हे सारे तो पुरवी आणि सुगीला खळ्यावरून आपला वाटा उचली. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या ‘गावगाडा’ या ग्रंथात या व्यवस्थेचे, तिच्यातील कुरबुरी आणि अन्याय यांसह, सविस्तर वर्णन आहे. त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तीत जातीची बेडी होती. मात्र मोबदला वर्षाचा होता, नगाचा नव्हता. बैलाचे एक शिंग वाकडे झाले म्हणून धान्याचे माप कमी होत नसे, आणि अमुक घरच्या बैलाचे डोळे अमुकच्याच बैलासारखे हवेत, असा हट्टही कोणी धरत नसे.

दरबारातील चित्रकाराची गोष्ट निराळी. त्यालाही पोसले जाई, पण चेहरा पोसणाऱ्याचा असे. निजामशाहीच्या चित्रशाळेतील सर्वांत प्रसिद्ध काम म्हणजे ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ हे फारसी काव्याचे सचित्र हस्तलिखित. कवीचे नाव आफताबी. तालिकोटच्या लढाईचा, म्हणजे १५६५ च्या आसपासचा तो काळ. आज हे हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. त्यात हुसेन निजामशहाशेजारी त्याची राणी खुंजा हुमायून हिला चितारले होते, आणि दख्खनी चित्रकलेत राणीला असे मानाने शेजारी बसवणे ही दुर्मीळ गोष्ट. पुढे तिच्या मुलाने, मुर्तझाने, १५६९ मध्ये तिला कैद केले. हस्तलिखितातील बहुतेक चित्रांत राणीची आकृती पुसलेली किंवा रंगाखाली झाकलेली आढळते. अभ्यासक तिचा संबंध या सत्तांतराशी जोडतात. ज्या हाताने तो चेहरा रेखला त्याचे नाव कोणी नोंदवले नाही. राजाची मर्जी होती तोवर राणीचा चेहरा होता, मर्जी फिरली तेव्हा त्यावर कुंचला फिरला. चेहऱ्यावर चित्रकाराचा हक्क नसतो, ही गोष्ट नगरात साडेचारशे वर्षांपूर्वीच ठरून गेलेली दिसते.

आता थोडे कोकणात उतरू, कारण रंगीत बाहुल्या-खेळण्यांचा आणि थांबलेल्या चिताऱ्याचा सर्वांत बोलका दाखला सावंतवाडीचा आहे. तेथील चितारआळीत लाकडी फळे, बाहुल्या, पाट, पाळण्यावरची खेळणी आणि गंजिफा रंगवल्या जात. गंजिफा म्हणजे गोल पत्ते. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि दहा साधी पाने, असे एकूण १२० पत्ते. कागदाचे वा कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने घट्ट करायचे, वर रंग आणि शेवटी लाखेचा लेप.

या १२० च्या आकड्यावर जरा थांबले पाहिजे. भिंतीवरचे चित्र एकटे विकते. गंजिफेचे पान एकटे विकत नाही. एकशेएकोणीस पत्ते उत्तम झाले आणि एकाची पाठ डागाळली, तर ते पान पाठीवरूनच ओळखू येते आणि खेळ फसतो. म्हणून चिताऱ्याला एकशेवीस वेळा तोच हात तसाच चालवावा लागे. दिवसाला चार पत्ते धरले, तरी एका संचाला अखंड एक महिना. हा हिशेब दरबारी आश्रयात बसत होता. बाजारात छापील पत्त्यांचा जोड आला तेव्हा तो बसेना, आणि खेळण्यांच्या बाबतीत पुढे प्लॅस्टिकने तेच केले. चिताऱ्यांची पुढची पिढी अन्य कामांकडे वळली. गंजिफा खेळणारे संपले, मग मागणारे संपले आणि रंगवणारे थोडके उरले.

१९७० च्या दशकात शिवरामराजे भोसले आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यातच या कलेचा वर्ग मांडला, तेव्हा पुंडलिक चितारी हे वृद्ध कलावंत हाती होते. त्यांच्यापाशी शिल्लक असलेली विद्या नव्या मुलांच्या हाती गेली. सत्वशीलादेवी स्वतः कुंचला घेऊन बसल्या. २०२४ मध्ये सावंतवाडीच्या गंजिफेला आणि लाकडी खेळण्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. या पुनरुज्जीवनाचे कौतुक होते ते योग्यच. पण ते कशामुळे साधले, हे फारसे सांगितले जात नाही. राजवाड्याने चिताऱ्यांना नुसती गिऱ्हाइके मिळवून दिली नाहीत. बसायला जागा दिली, मजुरी दिली, विक्रीची चिंता आपल्याकडे घेतली. नग मोडला तर तो वाड्याचा मोडला. चिताऱ्याला परत आश्रय मिळाला, म्हणून हात चालू झाला.

सावंतवाडीचा चितारी मागणी आटल्यामुळे थांबला आणि आजचा हौशी कलावंत मागणी वाढल्यामुळे थांबतो, हा भेद वरवरचा आहे. दोन्हीकडे अडचण एकच : हाताचा वेग. तो वाढवता येत नाही. राजा रविवर्म्यालाही वाढवता आला नाही. त्याच्या चित्रांची मागणी इतकी वाढली, की बडोद्याचे माजी दिवाण सर टी. माधवराव यांनी १८८० च्या दशकात त्याला सुचवले, दोन हातांनी हे पुरे होणार नाही, निवडक चित्रे युरोपात पाठवून त्यांच्या रंगीत प्रती छापून घ्याव्यात. रविवर्म्याने त्यापुढे जाऊन १८९४ मध्ये मुंबईत छापखानाच काढला. तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि कर्जापायी फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या हाती गेला. चित्र घरोघर पोहोचले, हात मात्र वजा झाला. चित्राला ही वाट मोकळी होती. बाहुलीला नाही, तिचा चेहरा गोल असतो, आणि नाकाच्या दोन बाजूंना दोन डोळे सारखे बसवायला अद्याप माणूसच लागतो.

आता शिर्डी. साईबाबांचे देहावसान १५ ऑक्टोबर १९१८ चे. समाधी मंदिरातील संगमरवरी मूर्तीची स्थापना ७ ऑक्टोबर १९५४ ची, विजयादशमीची. मधली छत्तीस वर्षे लक्षात घ्या. मूर्ती घडवण्याचे काम आले मुंबईचे शिल्पकार बाळाजी वसंत तालीम यांच्याकडे, आणि हाताशी होते ते छायाचित्र. छायाचित्रात एकच बाजू असते. मूर्तीला सर्व बाजू लागतात. शिवाय बाबांना प्रत्यक्ष पाहिलेली माणसे तेव्हा हयात होती. ज्यांच्या हस्ते मूर्तीचे अनावरण झाले, ते साईशरणानंद स्वतः बाबांच्या सहवासात राहिलेले. नाक चुकले तर हजारो लोकांच्या आठवणीतला चेहरा चुकणार होता.

भाविकांत एक आख्यायिका सांगितली जाते. चेहरा साधेना म्हणून तालीम व्याकूळ झाले, तेव्हा बाबांनी त्यांना दर्शन दिले आणि म्हणाले, हे काम पुरे कर, यापुढे तू मूर्ती करणार नाहीस. त्यानंतर तालीमांनी दुसरी मूर्ती हाती घेतली नाही, असे ही कथा सांगते. इतिहास म्हणून तिच्यावर भिस्त ठेवता येणार नाही; तालीमांनी तेव्हा साठी ओलांडली होती, आणि त्यांच्या स्टुडिओची परंपरा मुलाने पुढे चालवली. पण आख्यायिका नेमके काय सांगते, तेही इतिहासाचेच साधन आहे. पूजेचा चेहरा दुसऱ्याच्या आठवणीबरहुकूम घडवण्याचे ओझे एवढे मोठे, की त्यानंतर कलावंत थांबला तर ते स्वाभाविकच, हे लोकमनाला पटलेले आहे. तालीमांच्या थांबण्यात भाविकांना कृपा दिसते. बाहुली रंगवणारी शेजारीण थांबली की मात्र तिच्यात शिष्टपणा दिसतो!

नगर शहरात आणि परिसरात गणपतीचे कारखाने आहेत. साच्यातून मूर्ती काढणे, घासकाम, पांढरा हात, फवाऱ्याने अंगाचा रंग, ही कामे अनेकांत वाटता येतात. शेवटी उरते ती डोळ्यांची आखणी. हे काम कारखान्यातले मोजके हात करतात आणि सगळी रांग त्यांच्यापाशी येऊन तुंबते. चतुर्थी पुढे ढकलता येत नाही. अनंत चतुर्दशीनंतर उरलेली मूर्ती म्हणजे वर्षभराची अडगळ. त्यावर नियमांची अनिश्चितता. २०२० मध्ये करोनामुळे शासनाने सार्वजनिक मूर्ती चार फुटांपर्यंत आणि घरगुती दोन फुटांपर्यंत मर्यादित केली, ती जुलैत, मोठ्या मूर्ती कारखान्यांत उभ्या असताना. २०२५ मध्ये पीओपी बंदीची काटेकोर अंमलबजावणी करण्याचा उच्च न्यायालयाचा आदेश ३० जानेवारीचा, आणि मूर्ती घडवण्यास मुभा देणारा आदेश ९ जूनचा. चतुर्थी होती २७ ऑगस्टला. कारखानदार असा फटका दहा हजार नगांवर पसरवतो, पुढच्या वर्षी भरून काढतो. घराच्या ओसरीत शाडूच्या वीस मूर्ती करणाऱ्याला तो कशावर पसरवता येणार? त्यातून शाडू आषाढाच्या दमट हवेत वाळत नाही, आणि वाळला की एसटीच्या धक्क्याने तडकतो.

तरीही माती, पाऊस आणि नियम यांनी हौशी कलावंत थांबत नाही, असे मला वाटते. तो थांबतो चेहऱ्यापाशी. नगर जिल्ह्यात गौरींना महालक्ष्म्या म्हणतात. घराण्यातले जुने मुखवटे रंग उडाला की रंगवायला दिले जातात. जुना रंग खरवडला, की त्याखाली आणखी एखादा जुना रंग निघतो. भुवई वेगळी, ओठांची ठेवण वेगळी. कोणता चेहरा परत आणायचा? मुखवटा देणारीच्या मनात तिच्या सासूच्या काळचा चेहरा असतो, तिच्या नणंदेच्या मनात त्याही आधीचा. रंगवून झाल्यावर एकच वाक्य पुरते : ‘छान झालाय, पण आमच्या महालक्ष्मीसारखा नाही दिसत.’ रंगवणारीकडे या वाक्याला उत्तर नसते. मुलीच्या बारशाला बाहुली हवी आणि तिचा चेहरा फोटोतल्या आजीसारखा हवा, अशी मागणी येते तेव्हा हीच गत. जे काम ती स्वतःच्या नजरेला पटेपर्यंत करत होती, ते आता तिने न पाहिलेल्या माणसाच्या आठवणीला पटेपर्यंत करावे लागते.

आणि त्याची किंमत? रंगांचा, मातीचा, खोक्याचा खर्च सांगता येतो. रात्री साडेअकराला तिसऱ्यांदा पुसून काढलेल्या डाव्या डोळ्याचा खर्च सांगता येत नाही. ‘घरच्या घरी तर करतेस’ हे त्यावर ठरलेले उत्तर. घरच्या घरी होणाऱ्या कामाची ही अवहेलना केवळ आपल्याकडची नाही. जर्मनीतील झोनेबर्ग हे गाव विसाव्या शतकाच्या आरंभी जगाला बाहुल्या पुरवी, आणि त्या घडत घराघरांत. आई घडवणार, मुले रंगवणार, व्यापारी डझनावर मोजणार. १९०६ मध्ये बर्लिनला घरकामाच्या वस्तूंचे प्रदर्शन भरले, तेव्हा वस्तूंशेजारी त्या करणाऱ्याला तासाला पडणारी मजुरी लिहून ठेवली होती. त्या चिठ्ठ्यांनी मोठी खळबळ उडाली. आपल्याकडे अशी चिठ्ठी मुखवट्याशेजारी कोणी लावत नाही, आणि रंगवणारी स्वतः लावायला गेली तर तिलाच संकोच वाटतो.

ऑर्डर बंद करणारे बहुतेक जण कुंचला ठेवत नाहीत, हेही पाहण्याजोगे आहे. ते आधी रंगवतात, मग दाखवतात. ज्याला आवडेल त्याने न्यावे, बदल करून मिळणार नाही. ही काही नवी शक्कल नाही. पोळ्याच्या आदल्या बाजारी कुंभार रस्त्याच्या कडेला पोत्यावर मातीचे बैल मांडून बसतो. गिऱ्हाईक उकिडवे बसते, चार बैल उचलून पाहते, त्यातली एक जोडी पसंत करते आणि पैसे टेकवून उठते. शिंगे आणखी थोडी वाकवून द्या, असे तेथे कोणी म्हणत नाही.